ओंजळीचं स्पेलिंग

रात्री साडेअकराला मुलाचा फोन. आमच्या वयात अशा वेळी फोन वाजला की आधी 'कोण गेलं' हेच मनात येतं. मी चष्मा चाचपडत उठलो, ही देव्हाऱ्याकडे तोंड करून बसून राहिली. पलीकडून मुलगा विचारतोय, "आण्णा, जे लावू का झेड?"

"कशाला?"

"नावाला हो. ओंजळला."

सकाळी बोलू म्हटलं आणि फोन ठेवला. तो झोपला असेल, मला मात्र पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. पोराच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता. पण अशा एकेका अक्षरापायी माणसं किती हेलपाटे घालतात ते मी खुर्चीत बसून बघितलंय. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती करून घेत मी एका नगरपालिकेत २१ वर्षं काढली. त्याआधी घरपट्टीच्या टेबलावर होतो. घरपट्टीला लोक भांडायला यायचे, जन्माला पेढे घेऊन यायचे, मृत्यूच्या नोंदीला आलेले गप्प उभे राहायचे. जन्म आणि मृत्यू, टेबल एकच. पेढ्याचा बॉक्स उघडा ठेवायचा नाही, ड्रॉवरमध्ये सारायचा, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

तर हे नाव आलं कुठून ते सांगतो.

नातीचा जन्म त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्रीचा, पुण्याचा. रोहिणी नक्षत्र, पहिलं चरण, म्हणजे अक्षर 'ओ'. गुरुजींनी फोनवरच सांगितलं. मी म्हटलं, सुटलो. कारण नक्षत्रांच्या अक्षरांत काय काय निघतं ते ज्याला ठाऊक आहे तोच जाणे. हस्त नक्षत्राला 'पू ष ण ठ' आहेत. आर्द्राला 'कू घ ङ छ'. एकदा एक गृहस्थ माझ्या टेबलापुढे डोकं धरून बसले होते, "साहेब, ण वरून मुलाचं नाव सांगा." काय सांगणार? बाणातला ण मधे असतो, तो पुढे आणता येत नाही. शेवटी राशीचं एक नाव पत्रिकेत राहू दे आणि दाखल्यावर प्रणव घाला म्हटलं. ण आला ना कुठेतरी!

त्या मानाने 'ओ' सोपं. पण 'ओ' म्हटलं की मुलीसाठी ओवी, नाहीतर ओजस्वी. ओवी मला पसंत होती. सूनबाई म्हणाली, "आण्णा, आमच्या सोसायटीत तीन ओव्या आहेत. बागेत हाक मारली की तिघी वळतात." माझी धाकटी लेक, म्हणजे बाळाची आत्या, नाव ठेवण्याचा हक्क आत्याचा म्हणून तिने मोबाईलवर यादीच काढली होती. त्यातली नावं मला धड वाचता येईनात. आणि अर्थाच्या रकान्यात एकीआड एक 'विष्णूचा अंश'. नावाच्या शेवटी 'अंश' आला की विष्णू, 'अंशी' आली की लक्ष्मी. मधल्या अक्षरांचं काय ते कुणी बोलत नाही.

'ओंजळ' हे सूनबाईच्या आईने, विहीणबाईंनी, न ठेवताच ठेवलं. त्या धारवाडच्या, घरात मराठी-कानडी दोन्ही. बाळंतपणाला पुण्यात येऊन राहिल्या होत्या. स्वयंपाकघरात वाटी असून त्या तांदूळ वाटीने मोजत नाहीत. दोन हात जोडून डब्यात घालायचे, वर आणायचे, बोटांच्या फटींतून दोन-चार दाणे खाली पडू द्यायचे आणि उरलेले तपेल्यात. चौघांना तीन ओंजळी. मी स्वतः मोजून बघितलं, तिन्ही वेळा वाटीला वाटी जुळली. त्या मापत होत्या आणि सूनबाई दारात बाळ घेऊन उभी होती, म्हणाली, "'ओ' वरून शोधतोय ना? हे काय, ओंजळ."

पहिल्यांदा सगळे हसलो. मग दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा बाळाला त्याच नावाने हाक मारायला लागला.

माझी हरकत होती, लपवत नाही. म्हटलं, ही वस्तू आहे का माप? शाळेत मास्तर विचारतील, ओंजळ म्हणजे काय, तर पोरीने काय हात जोडून दाखवायचे? यावर ही म्हणाली, "पसा ठेवत नाहीत ना? मग झालं तर." एका हाताचा पसा, दोन हातांची ओंजळ. पुढे माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. विहीणबाईंनी भर घातली की कानडीत ओंजळीला बोगसे म्हणतात. म्हटलं, बरं झालं मराठीतलं ठेवलंत. नाहीतर पोरीचा दाखला बघून कुणीही विचारलं असतं, हे बोगसे काय आहे.

खरं तर वेगळ्या नावाला नाक मुरडायचा हक्क मला नाही. माझं नाव धोंडीराम. माझ्या आधी आईची दोन मुलं गेली, म्हणून तिसऱ्याला धोंडा. आमच्याकडे दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना चांगली नावं माहीत नव्हती असं कुणी समजू नये. कुणाची तरी नजर चुकवायची होती. चांगलं नाव ऐकलं की नेणारा येईल, केर म्हटलं तर बघणारही नाही. माझ्या आईने मला रागावतानासुद्धा कधी 'धोंड्या' म्हटलं नाही. त्या नावाचं काम वेगळं होतं, ते ती हाक मारायला वापरत नव्हती. हाक 'सोन्या'.

आणि आमच्याच सातारा जिल्ह्यात नकुसा नावाच्या मुलीही होत्या. तिसरी, चौथी मुलगी झाली की नकुसा, नकोशी. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली, तेव्हा देशभर बातमी झाली. ती बातमी वाचताना मी माझ्या टेबलावर होतो. माझ्या हातच्या रजिस्टरात किती नकुसा आहेत ते मला बघावंसं वाटलं नाही. धोंडा ठेवणाऱ्या आईला पोर हवं होतं आणि नकुसा ठेवणाऱ्या घराला नको होतं. रजिस्टरात मात्र दोन्ही एकाच शाईने लिहिलेली.

असो. स्पेलिंगकडे येतो.

मराठी नाव मराठीत लिहिताना भांडण क्वचित होतं. इंग्रजीत लिहायला बसलं की घरातला प्रत्येक जण पंडित. ज्ञानेश्वर आपण डी एन वाय ने सुरू करतो. हिंदीवाले ज्ञ ला ग्य म्हणतात म्हणून जी वाय लिहितात, गुजरातकडे जी एन. आपला ज्ञानेश्वर दिल्लीला गेला की तिथले लोक 'डन्या… डन्या' करत अडखळतात. ऋतुजा आपल्याकडे आर यू, तिकडे आर आय. हृषीकेश या एका नावाची मी माझ्या रजिस्टरात सात स्पेलिंगं मोजलीत. एच आहे, एच नाही, यू आहे, आय आहे, एस एच आहे, नुसता एस आहे. एका घरातल्या सख्ख्या भावांची आडनावं वेगळी लिहिलेली बघितलीत, एकाला व्ही, एकाला डब्ल्यू. जमिनीच्या कागदावर सह्या करायच्या वेळी दोघे माझ्यापुढे उभे, आम्ही भाऊच आहोत असं लिहून द्या म्हणून.

माझं स्वतःचंही झालं. सेवापुस्तकात धोंडीराम आय ने, बँकेत डबल ई ने आणि पॅनकार्डावर डी नंतरचा एच गायब. निवृत्त झाल्यावर पेन्शनची पहिली रक्कम हातात पडायला चार महिने गेले. बँकेतला मुलगा म्हणाला, "काका, हे तीन वेगळे इसम दिसतात." मी म्हटलं, तिघांनाही एकच पेन्शन द्या, आमची तक्रार नाही. हसला, पण प्रतिज्ञापत्र घेतलंच.

म्हणून मुलाने फोन केला तेव्हा माझी झोप उडाली.

त्याची अडचण अशी. ओंजळ मधला ज हा जिलबीतला नाही, काजळातला आहे. जीभ दाताला टेकून येणारा. मुलाचं म्हणणं, जे लिहिला तर लोक जिलबीतला ज म्हणतील, झेड लिहिला तर आपल्याला हवा तसा उच्चार होईल. हे त्याला सुचलं नव्हतं. जावयाने सुचवलं होतं. आमचे जावई हुशार, सरळ माणूस, पण दोन वर्षांपासून अंकशास्त्राच्या नादी लागलेत. स्वतःच्या नावात एक ए वाढवून घेतलाय. बारशाच्या आधी आमच्या घरी आले आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे त्यांनी मला हिशेब मांडून दाखवला. ओ चे ७, एन चे ५, जे चा १, ए चा १, एल चे ३. बेरीज १७, एक आणि सात आठ. आठ म्हणजे शनी.

"आण्णा, मुलीच्या नावावर कशाला शनी?"

मग जे खोडून झेड. झेडचे ७. बेरीज २३, दोन आणि तीन पाच. पाच म्हणजे बुध, आणि २३ हा म्हणे फार मोठा आकडा. जावयांचा चेहरा उजळला. उच्चारही जमला, बुधही आला.

बेरीज मी तपासली. बरोबर होती. घरपट्टीच्या टेबलावरची सवय, दुसऱ्याची बेरीज तपासल्याशिवाय चैन पडत नाही. पण मी विचारलं, "जावईबापू, जाधव कशाने लिहितात?"

"जे ने."

"जाधवांचा ज कुठला? जिलबीतला की काजळातला?"

ते मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून बघत राहिले. ओठ हलत होते. काजळातलाच निघाला. म्हटलं, महाराष्ट्रात जाधवांची गावंच्या गावं आहेत, त्यांना जे ने काही अडलं नाही. आणि झेड आपण झ साठी वापरतो. झेंडे घ्या, झगडे घ्या. झेड घालून कुणी ते नाव परत मराठीत लिहिलं की ते होणार 'ओंझल'. आता संगणकात इंग्रजी टाइप करायचं आणि शेजारच्या रकान्यात मराठी आपोआप उमटतं, हे मी शेवटची काही वर्षं रोज बघितलं. ते यंत्र कानाने ऐकत नाही, अक्षर बघतं. झेड दिसला की झ.

मुलाचं आणखी एक होतं. त्याचं ऑफिसचं काम जर्मनीतल्या लोकांशी चालतं, कधीतरी दोन-तीन वर्षांसाठी जावं लागेल. तिथे जे चा उच्चार य. म्हणजे ओंजळचं 'ओन्याल'. आणि झेडचा त्स, म्हणजे 'ओन्त्साल'. हे ऐकल्यावर मी जरा हललो. कारण हा त्स आपल्या दाताच्या ज च्या शेजारीच राहतो. जर्मन माणसाच्या तोंडून मराठी ज जवळपास बरोबर निघेल आणि आपल्या पुण्यातल्या यंत्रातून झ निघेल. पण मुलगी आधी बालवाडीत जाणार, मग जर्मनीत. मी जे वर ठाम राहिलो. डबल ए चीही टूम निघाली होती, जे ठेवून शेवटी दोन ए. बेरीज १८, म्हणजे नऊ, मंगळ. मी म्हटलं, मंगळ चालेल, पण 'ओंजाळ' वाचतील. जाळं वाटतं. ते तिथेच संपलं. शनीचं काय, असं जावयांनी जाता जाता विचारलंच. ही म्हणाली, दर शनिवारी मारुतीला तेल जातंच आपलं, त्यात आणखी पळीभर घालू.

या सगळ्या धामधुमीत शेवटच्या अक्षराचं कुणीच काही बोललं नाही. ळ. इंग्रजीत त्याला एल शिवाय काही नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. मला मात्र त्या ळ पाशीच थांबायला झालं. त्याचं कारण मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो.

१९९७ सालची गोष्ट. मी त्या टेबलावर नवा होतो. एक मेंढरामागे फिरणारा माणूस आषाढी झाल्यावर दोन आठवड्यांनी मुलीची नोंद करायला आला. अंगठेबहाद्दर. अर्ज मीच भरला. नाव विचारलं, म्हणाला, "सावळी." एकादशीला झाली, आजी पंढरपुरात होती, तिने तिकडूनच नाव पाठवलं. मी त्याच्याकडे बघितलं. मनात आलं, आधीच धनगराची पोर, त्यात रंगावरून नाव. शाळेत हिला काळी-सावळी करून पोरं छळतील. चांगलं शिकलेला, नव्या टेबलावरचा माणूस मी. मोठ्या दयाळूपणे मी 'सावली' लिहिलं. वाचून दाखवताना भरभर वाचलं. त्याने अंगठा दिला.

सावळ्या विठोबाचं नाव होतं ते. इतकं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्याच घरात आई रोज सकाळी त्याच सावळ्याला हाक मारत होती.

२०१६ मध्ये एक मुलगी आली. नर्सिंगला होती, पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर. तिला काही बदलायचं नव्हतं. म्हणाली, माझं जन्माचं पान बघायला मिळेल का? घरी सगळे सावळी म्हणतात, कागदावर सावली आहे, पहिल्यांदा काय लिहिलं होतं ते बघायचंय. आजी मरेपर्यंत म्हणायची, मास्तरानं चुकवलं असेल. शाळेतला मास्तर म्हणायचा, दाखल्यावरच तसं आहे.

मी रजिस्टर काढलं. पान सापडायला वेळ लागला नाही, माझं अक्षर मला लांबूनच दिसलं. रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि म्हटलं, "हे बघ, असंच आहे." तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. थोडा वेळ बघितलं. "मग आमच्या बापानंच चुकीचं सांगितलं असणार," म्हणाली आणि हसली. आभार मानून गेली.

मी काही बोललो नाही. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दुरुस्ती करता येते. मूळ नोंद खोडायची नसते, समासात शेरा लिहायचा, सही, तारीख. ते काम मी शेकडो वेळा केलेलं. तिला निदान एवढं सांगता आलं असतं. पण तसं सांगायचं म्हणजे तुझा बाप चुकला नव्हता हेही सांगावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो.

बारसं साग्रसंगीत झालं. पाळण्याखालून गोप्या फिरला, म्हणजे आमच्या घरचा वरवंटाच, कुंची घालून. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. धाकटीने वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. जरा जास्तच घातले. नाव जाहीर झाल्यावर पुण्याच्या शेजारणींपैकी एक कानपूरकडच्या, त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला, "ओंजल, ओंजड…" आणि मग "बहुत प्यारा है," म्हणून घुगऱ्यांची वाटी घेतली. विहीणबाईंना अर्थातच काही अडचण नव्हती. कानडीत ळ ठणठणीत आहे. आमच्याइतकाच, किंबहुना जास्तच.

आता दाखला. दवाखान्यातून नोंद ऑनलाइन गेली होती, पण नावाशिवाय. तसं चालतं. नाव १२ महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. लोकांना हे माहीत नसतं आणि बाळंतिणीच्या खाटेजवळ उभे राहून घाईघाईत काहीतरी सांगून टाकतात. मी मुलाला बजावलं होतं, घाई करू नको. कारण आता जन्मदाखल्याचं वजन वाढलंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारलेला कायदा लागू झालाय. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, गाडीचं लायसन, मतदार यादी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच कागद. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आता आधी बाळ, मग आई, मग बाप, मग आडनाव असं लिहायचं. चांगलंच झालं. नऊ महिने जिने काढले तिचं नाव कोपऱ्यातल्या रकान्यात का? पण टेबलावरच्या माणसाच्या नजरेने बघितलं तर एका नावात आता तिघांचं स्पेलिंग आणि आडनाव. सूनबाईच्या आधारवर तिच्या नावात वाय आहे, पदवीवर आय. तो गुंता आधी सोडवला, दीड महिना गेला. मग नावाचा अर्ज.

अर्ज घेऊन मी मुद्दाम मुलाबरोबर गेलो. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, सगळीकडे सारखंच असतं. खिडकीशी एक तरुण मुलगा, कानात एक बटण अडकवलेलं, पण कामाला चपळ. मी आधीच हात जोडून सांगितलं, छापायच्या आधी एकदा पडद्यावर दाखवा. त्याने स्क्रीन फिरवली.

ओंजल.

इंग्रजी बरोबर होतं. ओ एन जे ए एल. शेजारी मराठीत यंत्राने आपलं आपण ओंजल करून ठेवलेलं.

"ळ पाहिजे," मी म्हटलं. "बाळातला."

"इंग्लिशला तर एलच येणार काका."

"इंग्रजीला येऊ दे. मराठीला ळ."

त्याने रकान्यात जाऊन शेवटचं अक्षर खोडलं आणि परत टाइप केलं. परत ल. पुन्हा खोडलं. पुन्हा ल. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. मुलगा माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाला, "आण्णा, राहू दे का? पुढे बघू." मी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्या कीबोर्डवर ल आणि ळ एकाच बटणावर असतात. इंग्रजी एन लिहिलेलं बटण. नुसतं दाबलं तर ल, शिफ्ट धरून दाबलं तर ळ. मी इतकी वर्षं तेच बटण दाबलेलं. खिडकीतून हात घालता येत नव्हता म्हणून काउंटरच्या लाकडावरच बोटांनी दाखवलं, डाव्या हाताने हे धर, उजव्याने ते दाब. त्याने माझ्या बोटांकडे बघितलं, मग कीबोर्डकडे, शिफ्ट दाबून धरलं आणि एक बोट खाली आणलं.

ळ आला.

"काका, तुम्ही होता का डिपार्टमेंटला?"

"होतो."

दाखला छापून आला. मी चष्मा पुसून, बोट ठेवून अक्षर न अक्षर वाचलं. आईचं नाव, बापाचं, तारीख, ठिकाण, दोन्ही लिप्यांत. पाच प्रती घेतल्या. लॅमिनेट करू नको म्हणून मुलाला सांगितलं, ती एक सवय असते लोकांची. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी बाळाला दाखला दाखवला, तिने कॅमेऱ्यातून काय बघितलं कुणास ठाऊक, पलीकडचा फोन चाटायला सुरुवात केली. विहीणबाई मागून कानडीत काहीतरी ओरडल्या.

घरी येऊन कागद लावताना बघितलं, प्रतींच्या फीची जी पावती दिली होती तिच्यावर अर्जदाराच्या खाली बाळाचं नाव छापलेलं होतं. ओंजल. ती दुरुस्तीच्या आधी निघाली असणार. पावती म्हणजे चार दिवसांनी शाई उडणारा कागद, तिचा काही उपयोग नाही. तरी टेबलाशी बसलो, निळं पेन काढलं. मूळ नाव खोडलं नाही. समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'ल च्या जागी ळ वाचावे'. खाली सही केली, तारीख घातली.